पॅरिसमधला पांढरा घेर

मैत्रिणींनो, लेक परदेशात असली म्हणजे तिच्याकडे जाताना बॅगेत काय काय भरायचे, हे तुम्हाला मी सांगायला नको. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, कुळथाचे पीठ, आणि वजनकाट्यावर आकडा पुढे सरकला की एकेक पुडी बाहेर. गेल्या वैशाखात मी पॅरिसला निघाले तेव्हा मात्र लेकीने फोनवर निराळेच बजावले. म्हणाली, "आई, मसाले कमी आणलेस तरी चालेल. पण तुझी शिवणाची कात्री आण आणि मापाची टेप आण."

"कशाला गं?"

"तुझ्या नातीला टुटू शिवायचाय. तयार मिळतो, पण तिला आजीच्याच हातचा हवाय."

टुटू! मला आधी वाटले, भातुकलीतला एखादा प्रकार असेल. मग कळले की बॅले नाचणाऱ्या मुली कमरेला जो फुलासारखा पांढरा घेर घालतात, त्याचे हे नाव. नाव पडले तेही गमतीने म्हणे. फ्रेंच लहान मुले 'ढुंगणा'ला लाडाने जो शब्द वापरतात, त्यावरून तो आला असे तिथले लोक सांगतात. कोशात या शब्दाची पहिली नोंद १८८१ ची आहे. चाळीस वर्षे परकर, झबली, ब्लाउज शिवलेल्या बाईला घेराचे काय कौतुक, असे मनात म्हणत मी कात्री बॅगेत टाकली. पण त्या एका घेरापायी मी पॅरिसमध्ये चार ठिकाणी हिंडले आणि परत आले ती जरा गंभीर होऊन. ती हकीगत तुम्हाला सांगावीशी वाटते.

कापडबाजारात

पॅरिसच्या उत्तरेला मोंमार्त्रची टेकडी आहे. वर पांढरेशुभ्र साक्रे-कर चर्च, आणि पायथ्याशी, तुम्हाला खरे वाटणार नाही, आपल्या लक्ष्मी रोडला शोभेल असा कापडबाजार. मार्शे सँ-पिएर म्हणतात त्याला. मजल्यावर मजले, कापडाचे तागे, आणि लाकडी पट्टीने मापून देणारे विक्रेते. मी तर दारातच हरखून गेले. भाषा कळत नव्हती, पण कापड बोटांत धरून चुरगळले की ते आपल्याशी मराठीतच बोलते!

टुटूच्या जाळीदार कापडाला तिथे 'त्यूल' म्हणतात. फ्रान्समध्ये त्यूल नावाचे गावच आहे. पूर्वी अशी जाळी हाताने विणत, त्यामुळे ती श्रीमंतांच्याच अंगावर दिसे. मग १८०९ मध्ये इंग्लंडच्या जॉन हीथकोट याने जाळी विणणारे यंत्र काढले. हातकाम करणाऱ्यांचे पोट त्यावर. १८१६ मध्ये चिडलेल्या कारागिरांनी त्याच्या कारखान्यात शिरून यंत्रे फोडली, तेव्हा त्याने गाव सोडून दुसरीकडे बस्तान मांडले. पण जाळी स्वस्त झाली ती झालीच. एका नर्तिकेच्या कमरेभोवती थरावर थर चढवता येऊ लागले, ते या यंत्रामुळे.

मी लेकीला विचारले, "किती मीटर घ्यायचं?" तिने बाईंनी दिलेला कागद वाचला आणि मी चकितच झाले. मोठ्या नर्तिकेच्या आखूड टुटूला दहा-बारा मीटर जाळी सहज लागते. म्हणजे आपल्या नऊवारीहून जास्त कापड, आणि लांबी जेमतेम दीड वीत! नऊवारीत तेवढे कापड पायांत खोचून बाई मोकळेपणी नाचते. इथे तेवढेच कापड आडवे उभे करून पाय मोकळे केलेले. मला ती युक्ती आवडली.

"शिवण्याआधी खरा टुटू बघून घेऊ या," लेक म्हणाली. नात तर नाचतच निघाली.

स्टेशनातली मुलगी

सीन नदीच्या काठी ओर्से संग्रहालय आहे. हे मूळचे रेल्वे स्टेशन, १९०० साली बांधलेले. १९८६ मध्ये त्याचे चित्रसंग्रहालय झाले. अजूनही आतले ते मोठे घड्याळ पाहिले की गाडी चुकेल असेच वाटते. तिथे चित्रकार एदगार देगा याच्या नर्तिका आहेत. भिंतीवर नाचणाऱ्या, वाकून बुटाची फीत बांधणाऱ्या, जांभया देणाऱ्या. आणि त्यांच्यामध्ये काचेच्या पेटीत उभी आहे एक ब्राँझची मुलगी.

उंची जेमतेम मीटरभर. हात मागे बांधलेले, हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले. कमरेला मात्र खऱ्या कापडाचा घेर आणि वेणीला खरी रेशमी फीत. देगाने १८८१ मध्ये ही मुलगी प्रदर्शनात मांडली तेव्हा ती मेणाची होती. लोक बिचकले, कुणी कुणी तिला कुरूप म्हणाले. त्याने ती पुन्हा मांडली नाही. १९१७ मध्ये तो वारल्यावर तिच्या ब्राँझच्या प्रती ओतल्या गेल्या. मूळ मेणाची मुलगी आज अमेरिकेत वॉशिंग्टनला आहे.

ही मुलगी खरी होती बरं का. मारी व्हान गोएटेम तिचे नाव. बाप शिंपी, आई धुणे धुणारी. पॅरिसच्या ऑपेरात नाच शिकणाऱ्या अशा गरीब पोरींना लोक 'छोट्या उंदऱ्या' म्हणत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तालीम, आणि घरी चार नाणी. देगासमोर ताटकळत उभे राहण्याचे आणखी थोडे. ऑपेराचे वर्गणीदार म्हणजे शहरातले बडे पुरुष. त्यांना रंगमंचामागच्या दालनात जायला मोकळीक असे, नर्तिकांशी 'ओळख' करून घ्यायला. पुढचे मी तुम्हाला सांगायला हवे असे नाही. आपल्याकडेही नाचणाऱ्या बाईकडे त्याच नजरेने बघत. १८८२ मध्ये मारीला ऑपेरातून काढून टाकले. तिची धाकटी बहीण मात्र टिकली, नर्तिका झाली आणि पुढे तिथेच शिक्षिकाही झाली.

नातीने काचेला नाक लावले आणि म्हणाली, "आजी, हिचा टुटू मळलाय."

खरेच होते. पण मला त्या मळक्या घेरापेक्षा तो घरी नेऊन धुणारी आई दिसत होती. शिंप्याची मुलगी, धोबिणीची मुलगी. शिवणारे आणि धुणारे हात तिच्या घरातच होते.

घोट्यापासून मांडीपर्यंत

दुसऱ्या दिवशी आम्ही पाले गार्निए, म्हणजे पॅरिसचे जुने ऑपेरागृह पाहायला गेलो. ५ जानेवारी १८७५ ला ते उघडले. संगमरवरी जिना असा की आपण नुसते चढलो तरी पदर सावरून राणीसारखे चालावेसे वाटते. प्रेक्षागृहाचे छत मार्क शागाल या चित्रकाराने १९६४ मध्ये रंगवलेले. निळे, हिरवे, पिवळे, जणू रांगोळीच वर चिकटवली आहे.

जिन्याच्या पायरीवर बसून लेकीने मला घेराचा इतिहास सांगितला. तोच तुम्हाला थोडक्यात सांगते.

तीनशे वर्षांपूर्वी ऑपेरातल्या बायका जमिनीवर लोळणारे जड झगे घालून नाचत. पाय कसे पडतात हे कुणाला दिसतच नसे. १७२६ मध्ये मारी कामार्गो नावाची नर्तिका पॅरिसला आली. तिच्या उड्या पुरुषांच्या तोडीच्या, पायाचे काम इतके बारीक की ते झाकणे म्हणजे अन्याय. तिने झगा घोट्याच्या वर घेतला. केवढा गहजब झाला! आपल्या आज्यांनी पहिल्यांदा पाचवारी नेसली तेव्हा झाला असेल तसाच. पण लवकरच पॅरिसच्या बायका तिच्यासारखे बूट मागू लागल्या.

मग १२ मार्च १८३२ रोजी 'ला सिल्फीद' हा बॅले झाला. मारी ताग्लिओनी त्यात वाऱ्यातली परी झाली होती. बापानेच तिला घडवले, आणि हा नाचही त्यानेच बसवला. ती पायाच्या बोटांच्या टोकावर अशी उभी राहिली की जमिनीला पाय लागतोय की नाही, कळेना. अंगात घट्ट चोळी आणि खाली पिंढरीपर्यंत घंटेसारखा पांढऱ्या मलमलीचा घेर. हाच पहिला टुटू मानतात. मलमल म्हटल्यावर माझी मान जरा ताठ झाली. एके काळी साऱ्या युरोपला वेड लावले होते ते आपल्या बंगालच्या, ढाक्याच्या मलमलीने.

पुढे इटलीच्या नर्तिका आल्या. त्यांच्या गिरक्या आणि पायांची ताकद दाखवायला पिंढरीपर्यंतचा घेरही आड येऊ लागला. म्हणून तो गुडघ्यावर गेला, मग मांडीपर्यंत. पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तिकेने १८९५ मध्ये रशियात 'स्वान लेक'मध्ये एका पायावर लागोपाठ ३२ गिरक्या घेतल्या. त्या मोजायच्या तर पाय दिसायला नकोत? विसाव्या शतकात घेर अगदी ताटलीसारखा आडवा झाला. जाळीच्या थरात बारीक तारेचे कडे घालून तो तोलून धरत. पुढे न्यूयॉर्कमध्ये बार्बरा कारिन्स्का या रशियातून आलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाईने १९५० मध्ये ते कडे काढून टाकले. आखूड थरांवर थर शिवून पावडरच्या पफसारखा मऊ घेर केला. दाटीने नाचताना कडे एकमेकांवर आपटत ना! शिवणाऱ्या बाईलाच असे सुचते.

घेर एवढा बदलला, पण प्रत्येक वेळी नर्तिका अधिक हलकी दिसावी, हा हेका कायम राहिला.

फुलपाखरू

आता जे सांगणार आहे ते सांगताना माझाही हात थांबतो.

ताग्लिओनीच्या काळी ऑपेरा या इमारतीत नव्हता. दहा मिनिटांच्या अंतरावर ल पलतिए नावाचा रस्ता आहे, तिथे होता. ते थिएटर १८७३ मध्ये जळून गेले. १८२२ मध्ये तिथे रंगमंचावर गॅसचे दिवे आले. गॅस कमी-जास्त करता येतो. त्यामुळे रंगमंचावर चांदणे पाडता येऊ लागले, आणि त्या फिकट उजेडात पांढरी मलमल अशी उजळे की बाई माणूस वाटूच नये. पऱ्यांचे, भुतांचे, पांढऱ्या घेरांचे बॅले आले ते या गॅसच्या उजेडामुळे. आणि ज्या ज्योतीने घेर सुंदर दिसे, ती ज्योत घेरापासून हातभर अंतरावर उघडी जळत असे.

एम्मा लिव्री सोळा वर्षांची असताना १८५८ मध्ये ऑपेरात आली, तीही 'ला सिल्फीद'मधूनच. ताग्लिओनी तेव्हा निवृत्त होऊन दूर राहत होती. या मुलीचे नाव ऐकून ती पॅरिसला परतली आणि तिला शिकवू लागली. १८६० मध्ये तिच्यासाठी एक बॅले बसवला, 'फुलपाखरू'. संगीत ओफेनबाखचे. त्यात फुलपाखराचे पंख ज्योतीने जळतात.

नर्तिकांचे घेर पेट घेतात हे लोकांना माहीत होते. लंडनला १८४४ मध्ये क्लारा वेब्स्टर अशीच गेली होती. म्हणून १८५९ मध्ये फ्रान्समध्ये सरकारी हुकूम निघाला की रंगमंचावरचे कपडे आग न लागणाऱ्या द्रावणात बुडवून घ्यावेत. पण त्या द्रावणाने मलमल कडक होई, मळकट दिसे. एम्माने व्यवस्थापकांना लेखी कळवले की मी माझ्या नेहमीच्याच घेरात नाचणार, काही झाले तर जबाबदारी माझी.

१५ नोव्हेंबर १८६२. तालीम चालू होती. आपली पाळी येण्याआधी तिने बसल्या बसल्या घेर झटकून सारखा केला. त्या वाऱ्याने गॅसची ज्योत उसळली. पेटलेल्या घेरानिशी ती रंगमंचावरून धावत सुटली. एका बंबवाल्याने तिला ओल्या घोंगडीत गुंडाळले, पण उशीर झाला होता. आठ महिने ती मुलगी अंथरुणाला खिळून होती. २६ जुलै १८६३ रोजी गेली. पुरती एकवीसही नव्हती.

त्या दिवशीच्या कपड्यांचे जळके तुकडे ऑपेराच्या ग्रंथालय-संग्रहालयात एका छोट्या पेटीत जपून ठेवलेले आहेत. आम्ही गेलो तेव्हा ते बाहेर मांडलेले नव्हते. खरं सांगू? मला बरेच वाटले.

लेक म्हणाली, "नुसत्या दिसण्यासाठी जीव गमावला गं तिने."

ते ऐकले आणि मला एकदम आमचा जुना वाडा आठवला. मी लग्न होऊन आले त्या सुमारास समोरच्या खोलीत एक वहिनी राहत. पंपाच्या स्टोव्हवर वाकून दूध उतरवताना नायलॉनच्या साडीचा पदर पेटला. सातव्या दिवशी त्या गेल्या. दहाव्यापर्यंत वाड्यातल्या बायका एकच म्हणत होत्या, "कशाला घालायची ती नायलॉन? हौस नडली." मीही मान हलवली होती. पण त्या वहिनी नायलॉन का नेसत? सहा माणसांचे धुणे एकटीने उपसून झाल्यावर स्वतःची साडी तरी लवकर वाळावी, इस्त्री लागू नये, म्हणून. आणि तो भडकणारा स्टोव्ह दुरुस्त करून आणा, असे त्या महिनाभर घरात सांगत होत्या. तो स्टोव्ह कुणालाच आठवला नाही.

एम्माचेही तसेच. तिला वाऱ्यासारखी हलकी दिस, नाहीतर तू परी कसली, असे सांगणारे तिकीट काढून समोर बसले होते. कडक, मळक्या घेरात नाचली असती तर तेच उद्या नाके मुरडणार होते. दिवे उघडे होते, ते तिने लावले नव्हते. आणि तरी दीडशे वर्षे आपण म्हणतो की हौस नडली. मी लेकीला एवढेच म्हटले, "तिची हौस होती, पण एकटीची नव्हती." ती गप्प झाली. नातीने माझा हात घट्ट धरला. तिला किती कळले कोण जाणे.

१८८१ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात विजेचे दिवे लागले, आणि हळूहळू गॅस गेला.

जुन्या बुटांची समाधी

जाण्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही मोंमार्त्रच्या दफनभूमीत गेलो. रस्ता वरून पुलावर आणि दफनभूमी खाली, खोलगट. झाडे दाट, थडग्यांवर मांजरे ऊन खात बसलेली. एम्मा इथेच आहे. तिच्या फुलपाखराला संगीत देणारा ओफेनबाख इथेच. देगाही इथेच. आणि तेओफील गोतिए, ज्याने 'जिझेल' या बॅलेची कथा रचली, तोही. एम्माच्या अंत्ययात्रेत शवपेटीवर दोन पांढरी फुलपाखरे भिरभिरत होती, असे त्याने लिहून ठेवले आहे.

तिथे आणखी एक थडगे आहे. नर्तिका त्यावर आपले झिजलेले बूट आणून ठेवतात, मारी ताग्लिओनीला वंदन म्हणून. गंमत अशी की ताग्लिओनी तिथे नाहीच. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, पेर-लाशेजच्या दफनभूमीत आहे. हे थडगे तिच्या आईचे. मला ही चूक फार आवडली. कुणी तरी चुकून का होईना, आईसमोर वाकते आहे.

रस्त्यावर आलेला नाच

नाचाचे कपडे रंगमंचावरच राहिले असते तर त्यांची एवढी कथा झाली नसती. अंगाला चिकटून बसणारा 'लेओटार्ड' आला तो झुल्यावरच्या कसरती करणाऱ्या ज्यूल लेओतार या फ्रेंच माणसामुळे. विसाव्या शतकाच्या चाळिशीत अमेरिकेत क्लेअर मॅकार्डेल या फॅशनकार बाईने नाचाच्या मऊ बुटांना जाड तळ लावून घेतले, आणि बायका ते घालून बाजारहाट करू लागल्या. पॅरिसमध्ये रोझ रपेतो या बाईंनी नर्तक मुलाचे पाय दुखतात म्हणून बूट शिवायला घेतले. त्यांच्या नावाचे दुकान ऑपेराच्या जवळच आहे. १९५६ मध्ये ब्रिजित बार्दोसाठी त्यांनी तसेच बूट रस्त्यावर घालण्याजोगे केले. आज आपल्या लेकीसुना ज्या चपट्या 'बॅलेरिना' घालतात, त्या याच घराण्यातल्या. १९८० च्या 'फेम' आणि १९८३ च्या 'फ्लॅशडान्स' या चित्रपटांनंतर तर तालमीत पिंढऱ्या गरम ठेवणारे लोकरी मोजे, लेगवॉर्मर, नाच न येणाऱ्या मुलींनीही घातले.

आपल्याकडेही या पांढऱ्या घेराचा वारा येऊन गेला आहे. हंसाच्या नाचासाठी प्रसिद्ध असलेली रशियन नर्तिका आना पाव्हलोव्हा विसाव्या दशकात मुंबईला आली होती. १९२८ मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मुंबईतच तिचा नाच पाहिला आणि त्या बॅले शिकू लागल्या. पण पाव्हलोव्हाने त्यांना सुचवले की आपल्या देशाचा नाच शोधा. पुढे १९३६ मध्ये त्यांनी कलाक्षेत्र काढले. भरतनाट्यमचा शिवलेला, पंख्यासारख्या निऱ्यांचा पोशाख आज आपल्याला जुना वाटतो, त्याला रूप देण्यातही त्यांचा हात होता.

आणि एक सांगायचे राहिले. नातीचे मोजे घ्यायला गेलो तर विक्रेत्या मुलीने गुलाबी मोजे काढले. "कातडीच्या रंगाचे," ती म्हणाली. नातीने आपला सावळा हात त्यावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. नर्तिकेचा पाय कमरेपासून बोटापर्यंत एकसंध दिसावा म्हणून कातडीच्या रंगाचे मोजे घालतात, पण कातडी कुणाची, हे फार वर्षे कुणी विचारले नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम नृत्यसंस्थेत आर्थर मिचेल यांनी १९७४ च्या सुमारास आपल्या नर्तिकांना ज्याच्या त्याच्या रंगाचे मोजे आणि बूट घालायला लावले. लंडनच्या फ्रीड या जुन्या कंपनीने तपकिरी रंगाचे बॅले-बूट तयार केले ते २०१८ मध्ये. २०२० मध्ये पॅरिस ऑपेरातल्या कृष्णवर्णीय कलावंतांनी हीच मागणी मांडली, आणि ती मान्य झाली. आम्ही दुसऱ्या दुकानात गेलो आणि तपकिरी मोजे घेऊन आलो.

माया

शेवटचे चार दिवस मी शिवायला बसले. आखूड, ताटलीसारखा घेर मी केला नाही. ताग्लिओनीचा, पिंढरीपर्यंतचा केला. तुमच्याही घरी स्नेहसंमेलन येतेच, म्हणून कृती सांगते. कमरेच्या मापाची सुती पट्टी, तिला जोडून सुती अस्तर. वर जाळीचे चार थर, प्रत्येक थर कमरेच्या चौपट लांब, दुहेरी धावदोरा घालून चुण्या ओढून घ्यायच्या. आतला थर बाहेरच्यापेक्षा दोन बोटे आखूड. थर एकमेकांना अधूनमधून सैल टाक्याने अडकवायचे, म्हणजे नाचताना फाकत नाहीत. ठेवताना उलटा टांगायचा, घेर बसत नाही. रंगभूमीवरचे लोक जाळी सारखी धूत नाहीत, घामाचा वास जायला व्होडकात पाणी घालून फवारतात. आपल्या घरी हे कुणी करायला जाऊ नये. उन्हात उलटा टांगला तरी पुरे!

आणि हात जोडून सांगते, निरांजन, समई, फटाके, वाढदिवसाच्या मेणबत्त्या, गॅसची शेगडी यांच्याजवळ जाळीचा घेर, ओढणी किंवा सुटा पदर जाता कामा नये. पातळ सुती कापडही भुर्रकन पेटते, आणि नायलॉन वितळून कातडीला चिकटते. पेट घेतलाच तर धावायचे नाही. जमिनीवर लोळायचे, जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकायची. मग भाजल्या जागी वीस मिनिटे नळाचे गार पाणी. टूथपेस्ट, शाई, पीठ काही लावायचे नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. आणि शेगडी नादुरुस्त असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्यायची, साडीचे मग बघू.

एक गोष्ट मी बॅलेवाल्यांकडून शिकले. मोठ्या नृत्यसंस्थांत एक पोशाख वर्षानुवर्षे चालतो. एक नर्तिका गेली की दुसरी तो घालते. म्हणून पाठीला हुकांच्या दोन-तीन ओळी असतात, आणि आत शिवणीत भरपूर माया ठेवलेली असते. आतल्या बाजूला नावाच्या पट्ट्या असतात. एकीच्या खाली दुसरीची, तिच्या खाली तिसरीची. बाहेरून हलका दिसणारा तो घेर आतून असा गजबजलेला असतो.

मीही दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटे माया ठेवली. हुकांच्या दोन ओळी लावल्या. आत एक सुती पट्टी शिवली आणि तिच्यावर लाल दोऱ्याने नातीचे नाव भरले.

तिने घेर उलटा करून पाहिला. "आजी, माझ्या नावाखाली एवढी जागा रिकामी का?"

"तुला लहान झाला की दुसरी कुणी घालेल ना."

"कोण?"

"ते अजून ठरायचंय," मी म्हटले.

तिने क्षणभर विचार केला, घेर अंगाशी धरला आणि म्हणाली, "तिला सांग, मेणबत्तीजवळ जायचं नाही."